थांबायचं कुणासाठी आणि किती

यावेळी पत्रं, मेसेज मिळून बरेच प्रश्न आलेत, पण लातूरच्या एका पत्रानं मला दोन दिवस दुसरं काही सुचू दिलं नाही. म्हणून पानावरची बहुतेक जागा त्यालाच देतेय, बाकीच्यांनी राग मानू नका, तुमचे प्रश्न पुढच्या महिन्यात नक्की घेते.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही चौघं मित्र, दोन वर्षांपासून रोज सकाळी सोबत सायकल चालवतो. डिसेंबरमध्ये पहिल्यांदाच 300 ची बीआरएम (ठरलेल्या वेळेत 300 किलोमीटर पूर्ण करायची सायकल राईड) केली. लातूरहून औसा, तुळजापूर, सोलापूर, तिथून थोडं पुढं जाऊन यू-टर्न आणि त्याच रस्त्यानं परत. सकाळी 6 ला निघालो, जाताना वारा पाठीत होता, 26-27 नं मस्त चाललो. येताना तोच वारा तोंडावर. सोलापूर सोडल्यापासून आमच्यातला एकजण मागं पडायला लागला, तामलवाडीपर्यंत कसाबसा आला आणि तुळजापूरच्या घाटाच्या अलीकडं, 215 व्या किलोमीटरला, सायकल आडवी टाकून रस्त्याच्या कडेला बसला. संध्याकाळचे 7 वाजले होते, अंधार पडलेला. आम्ही म्हणलं येतो का, तो म्हणला तुम्ही व्हा पुढं, माझ्यामुळं तुमचं नको. पाच मिनिटं थांबून परत विचारलं, परत तेच. मग निघालो. आम्ही तिघं रात्री 1 वाजून 20 मिनिटांनी पोचलो, म्हणजे 19 तास 20 मिनिटं. तो तिथंच बसून राहिला, शेवटी त्याचा भाऊ गाडी घेऊन आला. तेव्हापासून तो राईडला येईना, ग्रुपवरचे मेसेज वाचतो पण काही बोलना. बाकीचे दोघं म्हणतात तोच म्हणला ना जा म्हणून, नियमात कुठं लिहिलंय थांबा. मला मात्र चैन पडना. आता फेब्रुवारीत 400 करायची आहे. आमचं चुकलं का? आणि 400 ला सोबत जायचं का ज्यानं त्यानं आपापलं?
(एक वाचक, लातूर)

उत्तर : भाऊ, नियमाचं आधी बघू म्हणजे ते बाजूला ठेवता येईल. तुमचे मित्र म्हणतात ते नियमानं बरोबर आहे. बीआरएमला प्रत्येकाचं कार्ड वेगळं, वेळ वेगळी, 300 ला 20 तास, त्यात जो आला तो आला. नंबर काढत नाहीत, पहिला कोण शेवटचा कोण याला काही किंमत नाही. सोबत्यासाठी थांबलंच पाहिजे असं कुठंही नाही. पण एकमेकांना मदत करायची पूर्ण मुभा आहे, ट्यूब द्या, खायला द्या, वाऱ्यात पुढं राहून ओढून न्या, सगळं चालतं. बाहेरच्या गाडीची मदत कंट्रोल (वाटेत कार्डावर शिक्का घ्यायची ठरलेली जागा) सोडून दुसरीकडं चालत नाही, पण सोबतच्या रायडरची चालते. म्हणजे ज्यांनी हा खेळ मांडला त्यांनी हा दरवाजा मुद्दाम उघडा ठेवलाय असं मी तरी समजते.

आता हिशोब. संध्याकाळी 7 वाजता तुम्ही 215 वर होतात, 85 किलोमीटर राहिले होते आणि रात्री 2 पर्यंत 7 तास हातात होते. म्हणजे ताशी 12 च्या थोडं वर चाललं तरी पोचता येत होतं. अगदी 15 नं धरलं तरी 5 तास 40 मिनिटं लागतात, वर 1 तास 20 मिनिटं शिल्लक. तुमच्या मित्राला त्या जागी अर्धा पाऊण तास बसून खाता आलं असतं, घाट सायकल हातात धरून चालत चढता आला असता, आणि तरी जमलं असतं. तुम्ही 40 मिनिटं राखून पोचलात. ती 40 मिनिटं कुठंच जमा होत नाहीत हो, कार्डावर 19:20 लिहिलं काय नि 19:58 लिहिलं काय, शिक्का तोच.

तर चुकलं का, हो, चुकलं. पण तुम्हाला वाटतंय तिथं नाही.

पहिली चूक सकाळीच झाली. जाताना 26-27 नं चाललात असं तुम्ही आनंदानं लिहिलंय, पण त्यातला एक तरी त्याच्या दमाच्या बाहेर चालला होता आणि बोलला नाही. पाठीतला वारा लै फसवतो, आपल्याला वाटतं पाय चांगले चालायलेत. हिवाळ्यात आपल्याकडं वारा बहुतेक वेळा पूर्वेकडून असतो, म्हणजे लातूरहून सोलापूरकडं जाताना ढकलतो आणि येताना सगळं व्याजासकट वसूल करतो. चौघं सोबत असले की स्पीड कोण ठरवतं, तर पुढं असलेला. आणि ठरवायला कुणी पाहिजे, तर सगळ्यात हळू असलेल्यानं. साधी ओळख सांगते, पहिल्या 100 किलोमीटरमध्ये ज्याला पूर्ण वाक्य बोलता येईना, दोन शब्द बोलून श्वास घ्यावा लागतो, तो दुपारनंतर बसणार. म्हणून मी सोबतच्या लोकांशी मुद्दाम बोलत राहते, घरचं, शेताचं, पोरांच्या शाळेचं काहीही, आणि उत्तर किती लांबीचं येतं ते ऐकते. उत्तरं "हं", "हो" वर आली की आपण पुढं असलो तर स्पीड 2 नं कमी करायचा, त्याला विचारायचं नाही, कारण विचारलं तर तो नाहीच म्हणणार.

दुसरी चूक मोठी. "तुम्ही व्हा पुढं" हे तुम्ही त्याचं उत्तर समजलात. बॉन्क झालेला, म्हणजे अंगातली ताकद एकदम संपलेला माणूस स्वतःचा निर्णय घ्यायच्या अवस्थेत नसतो. अंगातली साखर संपली की फक्त पाय जातात असं लोकांना वाटतं पण डोकंही जातं, चिडचिड होते, रडू येतं, सगळं निरर्थक वाटतं, आणि त्याला एकच गोष्ट खरी वाटते की आपण दुसऱ्याला ओझं झालोत. अशा माणसाला "येतो का" विचारणं म्हणजे त्याच्याकडून नकार लिहून घेणं आहे. त्याला विचारायचं नसतं, आधी खायला द्यायचं. केळं, गूळ-शेंगदाणे, साखर जास्त घातलेला चहा, थंडगार कोल्ड्रिंक, जे असेल ते. अंगावर काहीतरी घालायला द्यायचं, कारण घामानं भिजलेला माणूस डिसेंबरमध्ये पाच मिनिटांत कुडकुडायला लागतो. मग 15-20 मिनिटं त्याच्याशी राईडचं काही बोलायचं नाही. आणि मग विचारायचं. निम्म्या वेळा तो माणूस आपणहून उठून हेल्मेट शोधायला लागतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. उठलाच नाही, किंवा ओकाऱ्या व्हायल्यात, बरळतोय, छातीत दुखतंय म्हणतोय, तर राईड तिथंच संपली, मग कार्ड-बिर्ड काही नाही, दवाखाना.

तिसरी चूक जागेची. थकलेल्या माणसाला सोडायचंच असेल तर उजेडात सोडतात. पेट्रोल पंप, ढाबा, टोलनाका, एसटी स्टँड, कंट्रोल. घाटाच्या पायथ्याला अंधारात कडेला नाही. ज्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून मागं एक लाल दिवा नसताना चाललेत, गाणी इतकी मोठ्यानं की हॉर्न दिला तरी ऐकू जात नाही, त्या रस्त्यावर कडेला बसलेला माणूस कुणाला दिसणार? चांगल्या पंपावर नेऊन बसवायचं, त्याच्या घरच्यांशी फोनवर स्वतः बोलायचं, कार्डावर आयोजकांचा नंबर असतो त्यांना कळवायचं, गाडी निघाल्याची खात्री करायची आणि मग जायचं. एवढं करून गेला असतात तर तुम्हाला आज हे पत्र लिहावं लागलं नसतं.

मी हे इतकं जोर देऊन का सांगतेय तर मी त्या मित्राच्या जागी बसलेली आहे. माझी पहिली 400, जानेवारी महिना, संभाजीनगरहून गेवराई, बीड, मांजरसुंबा, चौसाळा करत सरमकुंडीच्या पुढं जाऊन परत. 27 तासांची मुदत. जाताना सगळं छान, सरमकुंडी फाट्यावर पेढे खाल्ले, फोटो काढले. परतीला बीड सोडलं तेव्हा मध्यरात्र झालेली. गेवराईच्या पुढं माझे डोळे मिटायला लागले. झोप येते म्हणजे जांभई येते असं नाही, सायकल चालू असताना मधली तीन-चार सेकंदं गायबच होतात, रस्त्याची पांढरी पट्टी डावीकडं होती ती एकदम चाकाखाली. सोबत बँकेतून रिटायर झालेले एक काका होते, ओळख त्याच दिवशी सकाळची. त्यांनी माझं चाक दोनदा वाकडं जाताना पाहिलं आणि काही न बोलता माझ्या शेजारी, ट्रॅफिकच्या बाजूनं आले. म्हणले, "ताई, एकोणतिसाचा पाढा म्हणा." मला वाटलं थट्टा करायलेत. म्हणले, "नाही, म्हणा. मोठ्यानं." एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी, पुढं मी अडकले, त्यांनी सांगितलं, मी परत पहिल्यापासून. शहागडचा गोदावरीचा पूल आला तेव्हा पाण्यावरून अशी काही गार हवा आली की बोटं ब्रेकवर आवळना झाली, आणि मी अजून सातव्या-आठव्या ओळीला धडपडत होते. पुलाच्या पलीकडं एका बंद टपरीच्या बाकड्यावर त्यांनी मला 20 मिनिटं झोपवलं, फोनमध्ये गजर लावून स्वतः उभे राहिले. त्यांच्या कार्डातली ती 20 मिनिटं होती. आम्ही 26 तास 10 मिनिटांनी पोचलो. ते मला सोडून गेले असते तर 25 तासांतच घरी गेले असते, आणि मी कुठं गेले असते ते मी आजही पूर्ण विचार करून बघत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, 400 सोबतच करा. पण सोबत म्हणजे 400 किलोमीटर चाकाला चाक लावून नाही. दिवसा ज्यानं त्यानं आपापल्या दमानं चालावं, 18 वाला 18 नं, 22 वाला 22 नं, कंट्रोलवर भेट होतेच. हळू माणसाला दिवसभर ओढत नेलं तर तो संध्याकाळी संपतो आणि जोरात चालणाऱ्याला दिवसभर दाबून धरलं तर तो चिडतो, दोन्हीनं मैत्री खराब होते. रात्र मात्र वाटून घ्यायची. अंधार पडायच्या आधीचा जो कंट्रोल आहे तिथं पुढच्यांनी थांबायचं, हे निघायच्या आधी तोंडानं बोलून ठरवायचं, आणि तिथून उजाडेपर्यंत कुणीही एकटं नाही, निदान जोडी तरी. ग्रुपमध्ये असलात तरी प्रत्येकाचे पुढचे-मागचे लाईट आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट स्वतःचं पाहिजे हा नियमच आहे, पुढच्याच्या लाईटवर भागवू नका.

थांबायला वेळ कुठून आणायचा असं तुम्ही म्हणाल. वेळ रस्त्यावर जात नाही, ढाब्यावर जातो. चौघं उतरले की एकजण चहा सांगतो, दुसरा तोंड धुवायला जातो, तिसरा फोन चार्जिंगला लावतो, चहा येतो तेव्हा चौथ्याला भजी आठवतात, आणि 40 मिनिटं गेलेली असतात. असे 4 थांबे झाले की 2 तास 40 मिनिटं. हेच 20-20 मिनिटांत उरकलं तर 1 तास 20 मिनिटं वाचतात, तेवढ्यात एक माणूस घाट चालत चढतो. उतरतानाच ठरवा, एकानं ऑर्डर द्यायची, एकानं सगळ्यांच्या बाटल्या भरायच्या, आणि कार्डावरचा शिक्का ज्यानं त्यानं आपापला मारून आणायचा.

आणि वाऱ्यात एकामागं एक चाला, शेजारी शेजारी हायवेवर अजिबात नाही. पुढच्याच्या मागं राहिलं की लै ताकद वाचते, म्हणून पुढं राहायची पाळी दोन-तीन मिनिटांचीच ठेवा, थकलेल्याला पाळी देऊच नका, तो मागंच बसेल. पाळी घेणाऱ्यानं आल्या आल्या स्पीड वाढवायचा नाही, इथंच सगळे चुकतात, नसता मागच्याला दर तीन मिनिटाला एक धक्का बसतो. पुढच्याच्या मागच्या चाकाला तुमचं पुढचं चाक शेजारून चिकटू देऊ नका, तो जरा हलला की तुम्ही पडणार. खड्डा, दगड, कुत्रं दिसलं की मोठ्यानं ओरडायचं, मागच्याला फक्त तुमची पाठ दिसते.

राहिला तुमचा मित्र. ग्रुपवर काही लिहू नका. घरी जा, तुम्ही एकटेच जा, बाकी दोघांना नंतर बघू. मेडल नेऊ नका. नियमात असं नाही वगैरे काढू नका, "तूच म्हणलास ना" हे वाक्य तर तोंडातून येऊच देऊ नका. त्याला विचारा की तिथं बसल्यावर काय झालं, भाऊ किती वेळानं आला, आणि तो सांगेल तेवढं ऐकून घ्या, मधे बोलू नका. त्यानंतर म्हणा की आम्ही थांबायला पाहिजे होतं. मग जमलं तर एक 200 तुम्ही दोघांनीच करा, त्याच्या स्पीडनं, तुम्ही पूर्ण दिवस त्याच्या मागं राहा. त्याला 400 ला यायचं नसेल तर फेब्रुवारीत नका ओढू.

प्रश्न : ताई, मी नांदेडजवळच्या गावात राहते, वय 34, दोन मुलं. गिअरची साधी सायकल आहे, रोज 25-30 किलोमीटर होतात. 200 ची बीआरएम करावी असं खूप मनात आहे. पण ओळखीचं कुणीच नाही, घरचे म्हणतात अनोळखी लोकांसोबत दिवसभर कशाला. काय करू?
(एक वाचक, नांदेड जिल्हा)

उत्तर : कर. 200 ला साडेतेरा तास असतात, सकाळी 6 ला सुरू झाली तर संध्याकाळी साडेसातपर्यंत, म्हणजे जवळजवळ सगळी राईड उजेडातच. सायकल साधी असली तरी चालते, ब्रेक आणि टायर चांगले पाहिजेत, लाईट आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट पाहिजे. आधी दोन महिने दर रविवारी अंतर वाढवत 60, 80, 100, 120 पर्यंत ने, 120 जमलं की 200 जमतं.

घरच्यांना असं सांग की मी लोकांसोबत नाही, लोकांमध्ये चाललेय. मार्ग ठरलेला असतो, कंट्रोल ठरलेले असतात, आयोजकांकडं सगळ्यांचे नंबर असतात. फोनवरून लाईव्ह लोकेशन घरी चालू ठेव. जमलं तर मिस्टरांना सुरुवातीच्या ठिकाणी सोबत ने, सकाळी पावणेसहाला तिथं कोण कोण असतं ते बघून माणसाची अर्धी काळजी जाते, कुणी डॉक्टर, कुणी मास्तर, कुणी मेडिकल दुकानवाला, साठीतले आजोबा. निघताना आयोजकांना सांग की पहिलीच वेळ आहे, आणि पुढच्या लोकांच्या मागं पळू नको, शेवटी हळू चालणारे दोघं-तिघं असतात ते बघून ठेव. तेच खरे सोबती.

बायका विचारायला लाजतात म्हणून सांगून टाकते. सायकलच्या पॅडवाल्या शॉर्टच्या आत काही घालायचं नाही, शिवणीनं सोलून निघतं, आणि निघायच्या आधी जिथं घासतं तिथं व्हॅसलीन भरपूर लाव. लघवीला जायला नको म्हणून पाणी कमी पिणं हे करूच नको, पेट्रोल पंपावर टॉयलेट असतं, पेट्रोल भरलं नाही तरी वापरता येतं, हक्कानं जा. लिटरभर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट, तासाला अर्धा लिटर तरी पोटात गेलं पाहिजे, आणि दर तासाला थोडं खायचं, भूक लागायची वाट बघायची नाही.

पंक्चर काढायला आधी घरी शीक, नवऱ्याला न सांगता स्वतः तीनदा चाक काढून बसव. आपल्याकडच्या रस्त्यावर बाभळीचे काटे आणि सराटे आहेतच, पण हायवेला फुटलेल्या ट्रकच्या टायरमधली बारीक तार सगळ्यात वाईट, केसाएवढी असते, बाहेरून दिसतच नाही. नवी ट्यूब टाकायच्या आधी टायरच्या आतून सगळीकडं बोट फिरवायचं, हळूच, टोचतं. सापडली की नेलकटरनं पकडून ओढायची. हे न करता ट्यूब टाकली की दोन किलोमीटरवर परत बसशील. नेलकटर पाकिटात ठेव, आणि एक नाही, दोन ट्यूब.